जिऑलॉजीला एक पोरगं कमी

दगड गोळा करायला आम्हाला जीप ठरवावी लागते, डबे बांधावे लागतात, प्राचार्यांची परवानगी काढावी लागते. किस्से मात्र आपल्या पायांनी डिपार्टमेंटमध्ये चालत येतात आणि खुर्ची ओढून बसतात. मी नांदेडच्या एका कॉलेजात जिऑलॉजी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मानधन, नाही झाला तर रामराम. विभागात आम्ही तिघं. विभागप्रमुख पांचाळ सर, लॅब सांभाळणारे गफारभाई आणि मी, बिराजदार. दगडांची कपाटं भरलेली आणि बाक रिकामे, असा आमचा संसार.

यंदा त्या संसारावरही गदा आली. प्राचार्यांनी उन्हाळ्यातच बोलावून सांगितलं की पहिल्या वर्षाचा वर्ग भरला नाही तर विषय बंद, आणि वरच्या वर्षाला ज्यांनी जिऑलॉजी मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून घेतलंय त्यांनी दुसरं मेजर घ्यावं. "ज्यांनी घेतलंय" हे आदरार्थी बहुवचन होतं. दुसऱ्या वर्षाला मेजर घेणारी एकच मुलगी होती. सुजाता गायकवाड, बिलोलीची. तिच्याकडं येतोच, पण आधी टेबलाचं सांगतो.

*

जुलैत व्हरांड्यात प्रत्येक विषयाचं टेबल लागतं. पार मोंढ्यातला बाजार होतो. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांच्या टेबलामागं कूलर असतो, मायक्रोबायोलॉजीवाले रंगीत बॅनर लावतात. आमच्या टेबलावर गफारभाई चार दगड धुऊन मांडतात. पालक येतात, एखादा दगड उचलतात, वजनाचा अंदाज घेतात, परत ठेवतात आणि कूलरकडं सरकतात.

एकदा मुखेडकडचे एक गृहस्थ चक्क थांबले. शेजारी मुलगा. मला कोण उत्साह आला! भूजल खातं, खाणी, सिमेंट कारखाने, धरणं, स्पर्धा परीक्षा, मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "तुम्ही ह्याच विषयात शिकलात, सर?"

मी म्हटलं हो, आणि विद्यापीठात पहिला आलो होतो.

"मग तुम्ही कुठं लागलात?"

"इथंच आहे की."

"पर्मनंट?"

मी टेबलावरचे दगड उगाच नीट लावले. त्यांना जे समजायचं ते समजलं. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते कूलरच्या दिशेनं निघाले, पण माणूस मनाचा चांगला होता. दोन पावलं मागं येऊन हळूच म्हणाले, "सर, तुमचंबी वय न्हाई गेलं अजून. बघा, दुसरीकडं कुठं जमतंय का."

*

आता आमच्या मुलांबद्दल. प्रॅक्टिकलला दगड ओळखायचा असतो. त्याचा रंग पाहा, चमक पाहा, ओरखडा काढून पाहा, कसा फुटलाय ते पाहा, हे वर्षभर घसा कोरडा करून मी सांगतो. मुलांची पद्धत वेगळी आहे आणि ती सीनियरकडून ज्युनियरकडं अंगाईगीतासारखी आलेली आहे. कोपरा तुटलाय तो फेल्डस्पार. शाईचा डाग आहे तो जिप्सम. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून गफारभाई दाराला लावतात तो बॅराइट. आमच्याकडं नवे नमुने कधी येतच नसल्यामुळं ही पद्धत कधी चुकत नाही.

गेल्या वर्षी परीक्षेच्या सकाळी ट्रे लावताना गफारभाईंच्या हातून क्वार्ट्झ पडला आणि त्याचा कोपरा उडाला. झालं! सगळ्या बॅचनं दोन दोन फेल्डस्पार लिहिले. वर्णनासकट. लातूरहून आलेले बाहेरचे परीक्षक चक्रावले. एखाददुसरा चुकतो हे ठीक, पण अख्खी बॅच एकाच चुकीवर इतकी ठाम कशी, असं त्यांनी पांचाळ सरांना विचारलं.

पांचाळ सरांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "शिकवण पक्की आहे आमची."

फक्त एक मुलगी तो दगड भिंगाखाली धरून उभी होती. परीक्षक म्हणाले, वेळ संपली, लिहा. ती म्हणाली, "सर, हा सपाट फुटलाच नाही. हा फेल्डस्पार कसा असेल?" तीच सुजाता. मला इतका आनंद झाला की मी परीक्षकांना दुसरा चहा मागवला.

*

ही सुजाता आमच्याकडं आली ती लातूरहून. बारावी तिथं झाली, मेडिकलची 'नीट' परीक्षा एकदा दिली, आणि दुसऱ्यांदा देणार नाही म्हणून घरी हटून बसली. लातूरला राहून नीटला नाही म्हणणं म्हणजे लग्नाच्या मांडवातून उठून येणं. नातेवाईक आठवडाभर समजूत घालत होते म्हणे. पहिल्या वर्षी तिनं तीन विषयांत जिऑलॉजी घेतलं आणि पहिल्या महिन्यातच घरी सांगून टाकलं की पुढच्या वर्षी मेजर हेच.

दुसऱ्या दिवशी वडील हजर. उत्तमराव गायकवाड, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. "जयभीम, सर" म्हणाले आणि बसले. मला वाटलं, आता नोकरीचं विचारणार, मग पर्मनंटचं. मी तयारीत होतो.

त्यांनी तसलं काही विचारलं नाही. म्हणाले, "लोक इचारतेत, पोरगी काय करती. काय सांगू? माझ्या बापानं देगलूरच्या रस्त्यावर खडी फोडली. मी त्याच रस्त्यावर तिकिटं फाडली. आता पोरीनं पुन्हा हातोडा घ्यायचा का?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं माहितीपत्रक नव्हतं. मी पांचाळ सरांकडं पाहिलं, सर खिडकीकडं पाहत होते. बोलली ती सुजाताच, बापाच्या मागं उभी राहून. "आजोबा सांगितलेला दगड फोडायचे, पप्पा. कोणता फोडायचा ते मी ठरवणार."

उत्तमरावांनी पोरीकडं वळून पाहिलं. मग त्यांनी अट घातली. फिल्डला पोरगी जाईल, पण प्रत्येक फिल्डला ते सोबत येणार. आम्ही हो म्हटलं. एखाददुसऱ्या वेळी येतील आणि उन्हाला कंटाळतील असा आमचा हिशोब होता.

*

तो माणूस कंटाळला नाही! कंटाळलो मी. जीपमध्ये मुलं चढली की उत्तमराव दारात उभं राहून मोजणार, "पुढं सरका, पुढं सरका" म्हणणार, आणि टपावर दोन थापा मारल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी हलवू देणार नाहीत. दारं बंद कोण करतं, डबा कोणाचा राहिला, मुली कुठं बसल्या, सगळं त्यांच्याकडं. पांचाळ सर विभागप्रमुख, पण ड्रायव्हर "निघू का?" हे उत्तमरावांना विचारायचा.

तेही चाललं असतं. पण मी शिकवायला लागलो की हे छत्री उघडून पुढं येऊन उभे. मी सांगतोय की बिलोलीकडं आलं की आपला नेहमीचा काळा दगड संपतो आणि ग्रॅनाइट लागतो, तो त्याच्याहून कितीतरी जुना. हे मध्येच, "थांबा, सर. पोरांना कळलं न्हाई. पुन्हा सांगा."

मुलांनी काहीच विचारलेलं नसायचं. मुलं मोबाईलमध्ये असायची. मी पुन्हा सांगायचो. मग हे मान हलवायचे आणि म्हणायचे, "हे कोटी कोटी वर्षं मोजली कुणी?" ह्या एका प्रश्नावर मी त्या उन्हात दोनदा लेक्चर दिलेलं आहे. एकदा वैतागून सुजाताला म्हटलं, वडिलांना जरा सावलीत बसव. ती म्हणाली, "मी सांगून थकले, सर. ते मला घरी गेल्यावरबी इचारून राहिलेत."

*

बिलोलीकडच्याच एका फिल्डवर बांधाचं प्रकरण झालं. एका शेताच्या बांधाला ग्रॅनाइट उघडा पडला होता. मुलांनी टेप लावली, कंपास काढला, दोघांनी वहीत आकडे लिहायला घेतले. थोड्या वेळात शेताचा मालक आला आणि काही न विचारता सगळ्यांना चहा सांगून गेला. आम्ही म्हटलं, काय माणसं आहेत आपल्याकडची! चहा संपतोय तोवर पलीकडच्या शेतातून दुसरे गृहस्थ आले. त्यांनी शेंगा आणल्या, भाजलेल्या, गुळासकट. त्याही आम्ही खाल्ल्या.

मग पहिल्यांनी मला बाजूला घेतलं. "सायेब, बांध जरा तिकडं धरा." ते जातात न जातात तोच दुसऱ्यांनी दुसऱ्या बाजूला घेतलं. त्यांना बांध जरा इकडं हवा होता. दोघं सख्खे भाऊ, बांधावरून बोलणं बंद, आणि आम्ही त्यांना मोजणीवाले वाटलो होतो.

मी दोघांनाही समजावून सांगितलं की आमचा बांधाशी काही संबंध नाही, आम्ही फक्त दगड बघतोय. बोलणं बंद असलेले ते भाऊ इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एका बाजूला झाले आणि थोरले म्हणाले, "हे चहा प्यायच्या आधी सांगायचं असतंय."

काठ्या निघायच्या बेतात होत्या. तेवढ्यात टपावर दोन थापा ऐकू आल्या. उत्तमरावांनी तोवर सगळी पोरं मोजून जीपमध्ये भरली होती. राहिलो होतो फक्त मी.

*

जिऑलॉजी घेऊन बाहेर जे सोसावं लागतं त्यातला एक घरचा नमुना. आमच्या जळकोटच्या सासऱ्यांना बोअर मारायचा होता. मी जमिनीतलं पाणी शोधायचं मशीन घेऊन गेलो, उन्हात तारा ओढल्या, जागा काढून दिली. सासरे हो हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तळहातावर नारळ ठेवून पाणी बघणाऱ्याला बोलावलं. तो आला, मला बघून कोपऱ्यात घेऊन गेला आणि विचारलं, "मशीन कुठं म्हणतंय?" मी भोळेपणानं दाखवलं. तिथंच त्याचा नारळ उभा राहिला!

पाणी बऱ्यापैकी लागलं. नारळवाल्याला धोतरजोडी आणि टोपी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात बोअर आटला तेव्हा सासऱ्यांचा फोन मला आला.

दुसरा नमुना गल्लीतला. आमच्याकडं अधूनमधून जमीन हलते. मोठं काही नसतं, भांडी वाजतात, लोक बाहेर येतात, थोडं बोलतात, आत जातात. पण लातूर जवळ, जुन्या आठवणी, त्यामुळं भीती सगळ्यांच्या मनात असते, आणि ती असणारच. माझी अडचण एवढीच की गल्लीनं मला हवामान खातं करून टाकलंय. एका सकाळी असाच हादरा बसला. सगळे बाहेर, मीही बाहेर. मी सांगितलं, काही नाही, घरात जा. सगळे गेले.

दुपारी ढग आले म्हणून मी वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात आलो. हातात बायकोची साडी आणि दोन चादरी. समोरच्या काकूंनी खिडकीतून मला पाहिलं आणि आत ओरडल्या, "सर बाहेर आले. सामान घेऊन आले." दोन मिनिटांत अख्खी गल्ली रस्त्यावर. कुणी गॅसची टाकी बंद करून आलं, कुणी आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. मी किती सांगितलं, कुणी हलेना. म्हणे तुम्ही आधी आत जा. मी आत गेलो. मग खिडकीतून पाहिलं तर निम्मे लोक अजून माझ्या दाराकडं बघत उभे होते. संध्याकाळपर्यंत मला घराबाहेर पडता आलं नाही आणि चादरी भिजल्या त्या वेगळ्याच.

*

आता यंदाच्या जुलैचं. टेबल लागलं, गफारभाईंनी दगड धुतले, मी घसा बसेपर्यंत बोललो. पांचाळ सर, जे आयुष्यात कुणाला "या" म्हणाले नाहीत, ते व्हरांड्यात उभं राहून मुलांना हाका मारत होते. सुजाता स्वतः टेबलाशी येऊन बसली. येणाऱ्या मुलींना भिंग द्यायची, दगडातला चमकणारा कण दाखवायची. तिच्यामुळं आलेली पोरं माझ्यापेक्षा जास्त होती, हे मान्य करतो. जागा भरत आल्या. प्रवेश बंद व्हायच्या आदल्या दिवशी वर्ग भरला! गफारभाईंनी सगळ्यांना खारी खाऊ घातली.

शेवटच्या दिवशी सकाळीच लातूरहून एक मामा आले, आमच्या यादीतल्या जळकोटच्या ओंकारचे, त्याला सोबत घेऊन. ओंकारला नीटच्या रिपीटर बॅचला जागा मिळाली होती. मुलगा माझ्याकडं बघेना. मामांना मी दोन वर्षं कशी जातात, पोरं कशी खचतात, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण दगडापेक्षा वीट मऊ, सर." आणि नाव काढून घेऊन गेले.

एक पोरगं कमी. फक्त एक! प्राचार्यांना भेटलो, ते म्हणाले की त्यांच्या हातात नाही, पाच वाजता यादी बंद होते. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला होता. मामांचा, प्राचार्यांचा, लातूरचा, त्या कूलरचा, आणि पहिल्या नंबरानं पास होऊन इतकी वर्षं तासावर जगणाऱ्या माझासुद्धा.

सुजाता लॅबच्या दारात उभी होती. मी तिला म्हटलं, केमिस्ट्रीचे सर चांगले आहेत, तिथंही तुझं चांगलं होईल. तिनं पिशवीतून फिल्डचा हातोडा काढला, त्याची माती पुसली आणि विचारलं, "हा आजच जमा करू का, सर?"

पांचाळ सर म्हणाले, राहू दे. मग कपाटाकडं तोंड करून उभे राहिले.

उत्तमराव खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसले होते, तिला घ्यायला आलेले. ती जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलली. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि ऑफिसकडं निघाले. भांडायला निघाले असं मला वाटलं. जन्मभर एसटीत काढलेला माणूस, भांडणात मागं हटणार नव्हता. मी मध्ये पडलो नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी कुणीतरी भांडायला हवंच होतं. ऑफिसमधून आरडाओरडा मात्र काही आला नाही. उत्तमराव बाहेर आले, गाडी काढली आणि लगबगीनं बिलोलीच्या रस्त्याला लागले. मला नीट नमस्कारही केला नाही. सुजाता तिथंच पायरीवर बसून राहिली, आणि थोड्या वेळानं मी घरी निघून गेलो.

*

सोमवारी कॉलेजात आलो तो कपाटाच्या किल्ल्या परत द्यायच्या तयारीनं. ऑफिसातल्या क्लार्कनं माझ्या हातात पहिल्या वर्षाची यादी ठेवली आणि म्हणाला, "जावा वर्गावर. भरला तुमचा वर्ग."

मी विचारलं, कुणी घेतला प्रवेश, ओंकार परत आला का? तो म्हणाला, न्हाई, दुसराच हाय. शेवटच्या दिवशी पाचाच्या आत पळत आला. बारावी सायन्सचा जुना मार्कांचा मेमो, गॅप सर्टिफिकेट, सगळं घेऊन. आणि तो लघळपणे हसला. मला त्या हसण्याचा राग आला, पण वर्ग भरला होता. मी यादी घेऊन धावतच गेलो.

नवी पोरं, नव्या वह्या. मी हजेरी घ्यायला लागलो. आडनावं वाचत वाचत "ग" पर्यंत आलो.

"गायकवाड उत्तम धोंडिबा."

"हजर."

आवाज शेवटच्या बाकावरून फळ्यापर्यंत आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, समोर कोरी वही आणि बाजूला डबा. ते उभे राहिले होते. विद्यार्थ्यानं हजेरीला उभं राहायचं असतं ही त्यांच्या काळातली शिस्त. पोरं वळून वळून बघायला लागली. माझ्या तोंडातून फक्त "उत्तमराव" एवढंच निघालं.

ते म्हणाले, "बसू का, सर?"

मी बसा म्हटलं. फळ्याकडं वळलो आणि विषयाचं नाव जरा जास्तच मोठ्या अक्षरात लिहिलं.

तास संपवून बाहेर आलो तर सुजाता कॉरिडॉरमध्ये वाट बघत उभी होती. तोंड पार वैतागलेलं.

"सर, पप्पा माझं गेल्या वर्षीचं जर्नल मागून राहिलेत. देऊ का?"